छत्तीस तासांची कोठडी: बसरा, २००३

पार्श्वभूमी

१४ सप्टेंबर २००३, रविवारची सकाळ. इराकच्या बसरा शहरात ब्रिटिश पायदळाच्या एका बटालियनने एका हॉटेलवर छापा घातला. झडतीत रायफली आणि पिस्तुलं मिळाली. हॉटेलात काम करणाऱ्यांना ताब्यात घेतलं गेलं. त्यांच्यात एक रिसेप्शनिस्ट होता. वय २६, बायको नुकतीच आजारपणात गेलेली, घरी दोन लहान मुलगे. दुसऱ्या दिवशी रात्री दहाच्या सुमारास तो बटालियनच्या तळावरच्या कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात त्याच्या अंगावर ९३ जखमा मोजल्या गेल्या.

हे प्रकरण ब्रिटनमध्ये लष्करी न्यायालयात चाललं, त्यातले कायद्याचे प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेले आणि शेवटी निवृत्त न्यायमूर्ती सर विल्यम गेज यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली. तपशील उघड आहेत. तरीही मृताचं, सैनिकांचं आणि बटालियनचं नाव मी इथे घेत नाही. कॉर्पोरल, डॉक्टर, पादरी, कमांडिंग ऑफिसर अशी पदंच वापरतो. प्रत्येक पदावरच्या माणसाला कधी ना कधी निर्णय घ्यावा लागला आणि मला त्या निर्णयांबद्दल लिहायचं आहे.

बटालियन जूनच्या अखेरीस बसऱ्यात आली होती. उन्हाळा भयंकर होता, वीज नव्हती, पोलीस यंत्रणा कोलमडलेली होती. लढाईसाठी तयार केलेल्या पोरांना गस्त, झडती, अटक, जमाव आवरणं अशी सगळी कामं करावी लागत होती. ऑगस्टमध्ये बटालियनचा एक कॅप्टन बॉम्बस्फोटात गेला. त्याच महिन्यात शहरात लष्करी पोलिसांचे तीन जण मारले गेले. हॉटेलातून आणलेली माणसं त्या खुनांत सामील आहेत, अशी कुजबुज तळावर पसरली. तिला आधार नव्हता, पण पहाऱ्यावरच्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांना ती खरी वाटली. हा ताण समजून घ्यायलाच हवा आणि चौकशीनेही तो नोंदवला. मात्र बेड्या घातलेल्या माणसाला मारण्याचं कारण म्हणून तो स्वीकारला नाही.

याच्या मागे आणखी एक जुनी गोष्ट आहे आणि ती कळल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. १९७१ साली उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सुरक्षा दलांनी चौकशीसाठी आणलेल्या काही कैद्यांवर पाच पद्धती वापरल्या: डोक्यावर पिशवी चढवणं, अंग अवघडेल अशा अवस्थेत भिंतीशी उभं करणं, कर्कश आवाजाचा मारा, झोपू न देणं, अन्नपाणी तोडणं. त्यावरून गदारोळ झाला आणि मार्च १९७२ मध्ये पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी संसदेत जाहीर केलं की चौकशीत या पद्धती यापुढे वापरल्या जाणार नाहीत. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना अमानुष आणि अपमानास्पद वागणूक ठरवलं. म्हणजे बसऱ्याच्या कोठडीत जे झालं त्यावर एकतीस वर्षांपूर्वीच बंदी आलेली होती. कोठडीतल्या बहुतेकांना तिचा पत्ताच नव्हता.

अडचण कुठून सुरू झाली

एकूण दहा जणांना तळावरच्या एका छोट्या इमारतीत ठेवलं होतं. तीन खोल्या, मधली म्हणजे वापरात नसलेलं शौचालय. कैद्यांच्या डोक्यावर वाळूच्या रिकाम्या गोण्या चढवल्या, काहींच्या डोक्यावर एकावर एक अशा दोन-तीन. हात प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधले, गुडघ्यात वाकवून हात समोर ताणायला लावले आणि झोप लागू दिली नाही. लष्करी बोलीत याला ‘कंडिशनिंग’ म्हणत, म्हणजे प्रश्न विचारणारा येण्याआधी माणसाला वाकवून ठेवणं. मृत तरुणाच्या डोक्यावर छत्तीसपैकी जवळजवळ चोवीस तास गोणी होती.

मारहाण यापेक्षा वेगळी गोष्ट होती, पण तिला वाट इथूनच मिळाली. तोंड झाकलेल्या माणसाचा चेहरा पहारेकऱ्याला दिसत नाही. वाकलेला कैदी दमून हात खाली करतो, मग त्याला ‘आदेश मोडला’ म्हणून तडाखा बसतो. पहाऱ्याचा प्रमुख असलेला कॉर्पोरल कैद्यांना ओळीने ठोसे आणि लाथा मारी, त्यांच्या विव्हळण्याला ‘कॉयर’ म्हणजे सामूहिक गान म्हणे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना ते ऐकवी. त्याचा सुमारे एक मिनिटाचा व्हिडिओ पुढे चौकशीसमोर आला. त्यात तो गोण्या घातलेल्या कैद्यांवर ओरडतो आहे, त्यांना ओढून पुन्हा वाकवतो आहे आणि मागून त्यांचं कण्हणं ऐकू येतं.

‘कॉयर’ या शब्दापाशी मी फार वेळ थांबलो. क्रौर्याला असं टोपणनाव मिळतं तेव्हा ते त्या जागी रुळलेलं असतं. दोन दिवसांत रागाच्या भरात घडलेल्या गोष्टीला सहसा नाव पडत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हे कैदी व्यापलेल्या प्रदेशातले नागरिक होते, १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने संरक्षण दिलेले. माहिती काढण्यासाठी अशा माणसांवर शारीरिक किंवा मानसिक जबरदस्ती करायला तो करार स्पष्ट मनाई करतो. त्यामुळे मारहाण झाली नसती तरी ‘कंडिशनिंग’ बेकायदाच होतं.

निर्णयाच्या जागा

मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मृत्यूच्या आधी निदान पाच ठिकाणी कुणीतरी वेगळं ठरवू शकलं असतं.

पहिली जागा बसऱ्याच्याही आधीची. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर काही दिवसांतच कैद्यांच्या डोक्यावर पिशव्या चढवल्याचं मोहिमेच्या मुख्य कायदा सल्लागाराने पाहिलं आणि लेखी आक्षेप घेतला. रेडक्रॉसनेही तक्रार केली. वरून तोंडी मनाई झाली. मे महिन्यात निघालेल्या लेखी आदेशात कैद्यांचे चेहरे झाकू नयेत, श्वास कोंडू शकतो, असं स्पष्ट म्हटलं होतं. मग उन्हाळ्यात ब्रिगेड, म्हणजे बटालियन जिच्या हाताखाली असते ती मोठी तुकडी, बदलली, जुने अधिकारी मायदेशी गेले, नवे आले. कार्यभाराच्या देवाणघेवाणीत तो आदेश नव्या माणसांपर्यंत नीट पोचलाच नाही. नवा अधिकारी येतो तेव्हा त्याच्यासमोर आदेशांची चळत असते आणि त्यातला कोणता आदेश एका माणसाचा जीव वाचवणार आहे हे वरून दिसत नाही. ते सांगायचं काम जाणाऱ्याचं असतं.

दुसरी जागा परवानगीची. हे ‘कंडिशनिंग’ चालेल का, असं बटालियनच्या अधिकाऱ्यांनी ब्रिगेडला विचारलं होतं आणि तोंडी होकार मिळाला होता, असं त्यांचं म्हणणं. ब्रिगेडच्या बाजूने ते नाकारलं गेलं. कागद नसल्यामुळे नंतर वर्षानुवर्षं कोण काय म्हणालं यावर वाद चालला. इथे बटालियनला तीन गोष्टी करता आल्या असत्या. लेखी उत्तर मिळेपर्यंत काहीच सुरू न करणं, फक्त साधी चौकशी करून कैद्यांना पुढे पाठवणं, किंवा तोंडी होकारावर पुढे जाणं. त्यांनी तिसरा मार्ग धरला. एक अधिकारी आपणहून विचारायला गेला हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण गोणी आणि वाकवून उभं करणं यांबद्दल विचारावंसं वाटणं म्हणजेच मनात शंका होती. शंका असताना तोंडी उत्तरावर थांबणं ही चूक मला छोटी वाटत नाही.

तिसरी जागा घड्याळाची. पकडलेल्या माणसांना चौदा तासांत किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर मुख्य छावणीत पोचवावं, असा ब्रिगेडचा आदेश होता. रविवारी सकाळी पकडलेली माणसं त्या हिशेबाने रात्रीपर्यंत तळाबाहेर असायला हवी होती. प्रश्नोत्तरं संपली नाहीत म्हणून त्यांना ठेवून घेतलं गेलं. चौदा तास ओलांडले गेले तेव्हा कुणीही कुणाला विचारलं नाही. त्या रात्री एक ट्रक निघाला असता तर तो तरुण जगला असता, असं मला वाटतं. हा नियम पाळायला कुणाच्या धैर्याची गरज नव्हती, फक्त वेळापत्रक पाहायचं होतं.

चौथी जागा पहाऱ्यावरच्या साध्या शिपायाची. त्याच्याकडे सगळ्यांत कमी अधिकार आणि त्याच्यावर सगळ्यांत जास्त दडपण. कॉर्पोरलला अडवायचं तर मार खायची तयारी हवी, तक्रार करायची तर नंतर त्याच तुकडीत झोपायचं असतं. पण तिथे आणखी एक घोटाळा होता. शत्रूच्या हाती सापडलात तर कसं टिकून राहायचं, याच्या प्रशिक्षणात ब्रिटिश सैनिकांच्याच डोक्यावर पिशव्या चढवतात आणि त्यांना अवघडून उभं करतात. पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या त्या अनुभवावरून कित्येकांचा समज झाला की कैद्यांशी असंच वागायचं असतं. युद्धकायद्याचं वार्षिक प्रशिक्षण व्हायचं, पण या पाच पद्धतींना नाव घेऊन मनाई आहे असं त्यात त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ‘माणुसकीने वागा’ एवढं वाक्य कानावर पडलेल्या पोराला गोणी माणुसकीत बसते की नाही हे ठरवता येत नाही.

पाचवी जागा आत येऊन पाहून गेलेल्यांची, आणि इथे मला राग येतो. कोठडी तळाच्या मध्यातच होती. आवाज बाहेर ऐकू येत होता. अधिकारी जवळून गेले, काही आत डोकावले. पादरी सोमवारी तिथे गेला होता. त्याला कैद्यांची अवस्था दिसलीच असणार, मध्ये पडण्याचं किंवा वर कळवण्याचं धैर्य त्याने दाखवलं नाही, असा निष्कर्ष गेज यांनी काढला. पादरी हुकमाच्या साखळीबाहेरचा माणूस. त्याला बढतीची किंवा तुकडीतल्या सूडाची भीती शिपायाइतकी नव्हती. कमांडिंग ऑफिसरबद्दल चौकशीचं म्हणणं असं की कोठडीत काय चाललं आहे हे त्याला मृत्यूच्या बरंच आधी कळायला हवं होतं. त्याच्या तळावर, त्याच्या ताब्यात दहा माणसं होती.

सोमवारी रात्री त्या तरुणाने डोक्यावरची गोणी आणि हातातल्या पट्ट्या सोडवल्या. कॉर्पोरल त्याला पुन्हा जखडायला गेला. मृत्यूची कारणं चौकशीने दोन थरांत मांडली. दीड दिवसाच्या उष्णतेने, थकव्याने, गोणीने, वाकवून ठेवण्याने आणि आधीच्या जखमांनी शरीर आधीच ढासळलं होतं. त्यावर ही शेवटची झटापट, मारहाण आणि धोकादायक पद्धतीने दाबून धरणं. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण ‘एका माणसाच्या हातून शेवटचा फटका बसला’ अशी मांडणी केली की पहिला थर गायब होतो. तो थर अनेकांनी मिळून रचला होता.

मृत्यूनंतर काय केलं गेलं

बटालियनच्या डॉक्टरने त्याला वाचवण्याचा प्रयत्न केला. नंतर त्याने सांगितलं की नाकाजवळ सुकलेलं रक्त सोडलं तर अंगावर काही दिसलं नाही. ९३ जखमा असलेल्या शरीराबद्दलचं हे विधान. ब्रिटनच्या वैद्यकीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१२ मध्ये त्याचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकलं. त्या रात्री त्याच्यापुढे एक प्रश्न होता, उरलेल्या नऊ जणांचं काय? मेलेल्या माणसावर उपचार संपतात, बाजूच्या खोल्यांत मात्र जिवंत माणसं होती आणि त्यांतल्या एकाच्या मूत्रपिंडांना मारहाणीने गंभीर इजा झाली होती.

लष्करी पोलिसांचा तपास लगेच सुरू झाला. कैद्याचं डोकं चुकून भिंतीवर आपटलं, अशी गोष्ट कॉर्पोरलने सांगितली. तुकडीतल्या कुणी काही पाहिलं नव्हतं, कुणाला काही आठवत नव्हतं.

लष्करी न्यायालयात खटला उभा राहायला तीन वर्षं लागली. सप्टेंबर २००६ मध्ये सात जणांवर खटला सुरू झाला, त्यात कमांडिंग ऑफिसरही होता. कॉर्पोरलने कैद्यांना अमानुष वागणूक दिल्याचं सुरुवातीलाच कबूल केलं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कराराला धरून ब्रिटनने २००१ मध्ये केलेल्या कायद्याखाली युद्धगुन्ह्यात दोषी ठरलेला तो पहिला ब्रिटिश सैनिक. सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून मात्र तो सुटला. बाकी सहा जणांपैकी काहींविरुद्धचे आरोप पुराव्याअभावी न्यायाधीशांनीच काढून टाकले, उरलेले निर्दोष ठरले. अनेक जणांवर साधा आरोपही ठेवता आला नाही, आणि त्याचं कारण सैनिकांनी उघडउघड एकमेकांना सांभाळून घेतलं हेच आहे, असं न्यायाधीश स्पष्ट बोलले.

कॉर्पोरलला एक वर्षाची कैद झाली आणि लष्करातून काढून टाकण्यात आलं. मृत्यूसाठी कुणालाही शिक्षा झाली नाही.

फिर्यादी पक्षापुढे इथे एक निवड होती. कमांडिंग ऑफिसरवर कर्तव्यात निष्काळजीपणाचा आरोप ठेवला गेला. त्याच २००१ च्या कायद्यात कमांडरच्या जबाबदारीचं स्वतंत्र कलम आहे. हाताखालच्यांचा गुन्हा त्याला माहीत होता किंवा परिस्थिती पाहता माहीत असायला हवा होता, आणि तरी त्याने तो रोखला नाही, तर तोही दोषी. पुरावे हाती न लागल्यामुळे ते कलमही टिकलं नसतं, हे शक्य आहे. तरीही ज्या आरोपाची भाषा वरच्या माणसाच्या जबाबदारीशी जुळते तो आरोप ठेवून पाहिला गेला नाही, याची मला खंत वाटते.

खटल्यातून जे निघालं नाही ते दुसऱ्या दोन वाटांनी निघालं. पहिली वाट दिवाणी. जून २००७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने धरलं की परदेशातल्या ब्रिटिश कोठडीतही युरोपीय मानवाधिकार करार लागू होतो. पुढच्या वर्षी संरक्षण मंत्रालयाने कराराचा भंग मान्य केला आणि मृताचं कुटुंब व उरलेले नऊ जण यांना मिळून २८ लाख ३० हजार पौंड द्यायचं कबूल केलं. दुसरी वाट सार्वजनिक चौकशीची. तिचं काम दोषी ठरवणं नव्हतं, काय घडलं ते शोधणं होतं, म्हणून लोक बोलले. आपण आधी खोटं बोललो, तुकडीतल्या सगळ्यांनीच कैद्यांवर हात टाकला, असं खुद्द कॉर्पोरलने २००९ मध्ये सांगितलं. शिक्षा भोगून झालेल्या माणसाला गमावण्यासारखं फारसं उरत नाही, म्हणून त्याचं म्हणणं जसंच्या तसं घेता येत नाही. पण डझनाहून अधिक सैनिकांनी मारहाण केली, असा निष्कर्ष अहवालानेही काढला.

निष्पत्ती

अहवाल ८ सप्टेंबर २०११ ला आला. तीन खंड, ७३ शिफारशी. हिंसाचार गंभीर आणि निष्कारण होता, असं गेज यांनी म्हटलं आणि १९७२ ची बंदी विसरली गेली याला संरक्षण मंत्रालयाचं संस्था म्हणून अपयश म्हटलं. २००३ साली कैद्यांच्या चौकशीबाबतचं धड मार्गदर्शन मंत्रालयाकडे उपलब्धच नव्हतं. कुणी मुद्दाम बंदी उठवली नव्हती. नियमपुस्तिकांच्या एकामागून एक आवृत्त्या निघाल्या आणि ती त्यांतून गळून गेली.

सरकारने ७२ शिफारशी मान्य केल्या. एक नाकारली: चौकशीत कैद्यावर कर्कशपणे ओरडण्याची पद्धत बंद करावी, ही.

पुढे इराकमधल्या गैरवर्तनाच्या हजारो तक्रारींसाठी नेमलेलं तपास पथक २०१७ मध्ये बंद झालं. त्यातून एकही खटला उभा राहिला नाही. त्यांतल्या काही तक्रारी बनावट होत्या, हेही खरं. एका वेगळ्या चौकशीत २०१४ मध्ये खुनाचे आरोप सपशेल खोटे ठरले. खोट्या तक्रारींचं सर्वांत मोठं नुकसान खऱ्या पीडितांनाच होतं, म्हणून हेही लिहिणं भाग आहे.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते सुरुवात प्रशिक्षणातल्या शब्दांपासून हवी होती. ‘मानवी प्रतिष्ठा जपा’ ऐवजी ‘डोक्यावर काहीही चढवायचं नाही, वाकवून उभं करायचं नाही, झोप आणि पाणी तोडायचं नाही’ अशी पाच ओळींची यादी प्रत्येक शिपायाच्या खिशात असती, तर दहापैकी निदान एकाने तरी ती बाहेर काढली असती. शिवाय ज्याने कैदी पकडले त्याच तुकडीने त्यांच्यावर पहारा ठेवायचा नाही. ज्यांचे मित्र महिन्याभरापूर्वी मारले गेले त्यांच्या हाती संशयित देणं हे दोघांवरही अन्याय करणारं आहे.

कोठडीची नोंदवही हवी होती. कैदी किती वाजता आला, अंगावर काय जखमा होत्या, कुणी पाहिलं, कधी पाणी दिलं, केव्हा निघाला, आणि प्रत्येक पाळी बदलताना सही. रविवारी रात्री चौदा तास उलटले तेव्हा कुणाला तरी त्या वहीत उशिराचं कारण लिहावं लागलं असतं. लिहिलेल्या कारणावर माणूस एकदा तरी विचार करतो. डॉक्टरने प्रत्येक कैद्याला आल्यावर आणि रोज तपासून लेखी नोंद करायची, हे बंधन असतं तर त्याला नंतर ‘काही दिसलं नाही’ म्हणता आलं नसतं. आणि मृत्यू झाल्या क्षणी बाकीच्या कैद्यांना त्या तुकडीच्या ताब्यातून काढायचं, पहारेकऱ्यांना एकमेकांशी बोलू न देता वेगवेगळे जबाब घ्यायचे, इतकं तपासाने केलं असतं तर मौन इतकं घट्ट जमलं नसतं.

साध्या शिपायासाठी दुसरी वाट हवी, आपल्या वरिष्ठाला टाळून थेट बटालियनबाहेर कळवण्याची. तीही पुरेशी नाही. ज्याने कळवलं त्याला पुढची वर्षं त्याच रेजिमेंटमध्ये काढायची असतात, आणि त्याची बदली झाली तर ती बढतीसह व्हायला हवी. मी तरी यापेक्षा चांगला उपाय शोधू शकलेलो नाही.

मृत तरुणाचे वडील स्वतः पोलीस अधिकारी होते. छाप्याच्या सकाळी ते मुलाला घ्यायला हॉटेलवर आले होते. सैनिकांनी तिजोरीतले पैसे घेतल्याची तक्रार त्यांनी जागेवरच एका अधिकाऱ्याकडे केली, असं त्यांनी पुढे सांगितलं. मुलाचा मृतदेह ओळखायला त्यांनाच बोलावलं गेलं.